आजारी गावठी कोंबडीवर घरगुती उपचार करताना या चुका टाळा

मिरगाचा पाऊस स्थिरावला की गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी भागांतील परसांत एखादी कोंबडी पिसे फुगवून आणि पंख खाली सोडून कोपऱ्यात बसलेली दिसू लागते, आणि घरातील जाणत्यांचे इलाज सुरू होतात. यांतले बरेच इलाज निरुपद्रवी असतात. घोटाळा होतो तो क्रमाचा. आधी ऊब, मग पाणी, त्यानंतर अन्न आणि सर्वांत शेवटी औषध, हा क्रम सहसा उलटा चालतो.

कोंबडी आजार लपवते, त्यामुळे ती उघडपणे मलूल दिसते तोवर अशक्तपणा बराच वाढलेला असतो. अशा वेळी तिला खुराड्यातच ठेवणे ही पहिली चूक होय, कारण इतर कोंबड्या तिला टोचतात आणि रोगही पसरतो. तिला कोरड्या गोणपाटावर, वाऱ्यापासून आडोशाला वेगळे ठेवावे. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि भिजलेली, उपाशी कोंबडी ते टिकवू शकत नाही. खोक्याच्या एका टोकाला जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा पिवळा बल्ब कागद-गोणपाटाला न टेकेल असा लावावा, म्हणजे नको असेल तेव्हा ती दुसऱ्या टोकाला सरकू शकते. एलईडी दिवा येथे उपयोगाचा नाही, कारण तो पुरेशी उष्णता देत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे तर धोक्याचेच.

सर्वांत घातक चूक पाणी पाजताना होते. चोच उघडून पाहिल्यास जिभेच्या मुळाशी उघडझाप करणारी बारीक फट दिसते, ती श्वासनलिका. मान मागे वळवून चमचाभर काढा आत ओतला, तर तो थेट फुप्फुसांत जाऊ शकतो आणि अर्ध्या तासापूर्वी उभी असलेली कोंबडी धापा टाकू लागते. म्हणून मान सरळ ठेवून चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा व ती स्वतः गिळेपर्यंत थांबावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते एखादा दिवस द्यावे, नंतर साधे पाणी द्यावे.

हळद, लसूण किंवा मिरी पिण्याच्या पाण्यात कालवणे हाही गैरसमजातून होणारा प्रकार आहे, कारण चव न आवडल्यास ती पाणीच सोडते. हळदीचा लेप किरकोळ जखमेवर लावण्यास हरकत नाही. फेणीचे, म्हणजे काजूच्या दारूचे, थेंब मात्र, शेजारी कितीही खात्रीने सांगत असला, तरी देऊ नयेत.

अन्न देण्यापूर्वी सकाळी मानेखालची अन्नपिशवी चाचपावी. ती रात्रभरात रिकामी व्हायला हवी. तशीच टणक राहिली असेल, तर वर धान्य चारणे म्हणजे अडथळ्यात भर घालणे. पिशवी रिकामी असल्यास उकड्या तांदळाची मऊ, बिनमिठाची पेज किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक थोडाथोडा द्यावा.

अंडे अडकल्याने कुंथणाऱ्या कोंबडीचे पोट दाबू नये, कारण आत अंडे फुटले तर संसर्ग होतो. कोमट पाण्यात तिचा मागील भाग पंधरा-वीस मिनिटे बुडवून, पूर्ण कोरडे करून उबेत ठेवावे. त्या दिवसात अंडे न आल्यास पशुवैद्याकडे न्यावे.

माणसांसाठी आणलेली उरलेली प्रतिजैविके देणे टाळावे. मात्रा चुकते आणि औषधाचा अंश अंड्यांतही उतरतो. विष्ठेत रक्त दिसल्यास ती रक्ती हगवण असू शकते आणि तिला पशुवैद्यानेच नेमके औषध द्यावे लागते.

एकाच वेळी अनेक कोंबड्या आजारी पडल्या, हिरवट विष्ठा होऊ लागली, मान वाकडी झाली किंवा अचानक मर झाली, तर घरगुती उपचार थांबवून जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. ही राणीखेत, म्हणजे मानमोडी, किंवा बर्ड फ्लू असू शकतो. राणीखेतवर औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लस देणे हाच उपाय, आणि आजारी कोंबडीला लस टोचून रोग बरा होत नाही. अशी कोंबडी विकू अथवा खाऊ नये. मृत पक्षी उघड्या हातांनी न हाताळता चुना टाकून खोल पुरावा.

बरी झालेली कोंबडी भरदिवसा कळपात सोडल्यास मारामारी होते. तुरा पुन्हा लाल झाला, विष्ठा बांधीव झाली आणि ती दोन-तीन दिवस स्वतःहून खात राहिली की अंधार पडल्यावर तिला खुराड्यातील दांडीवर इतरांशेजारी बसवावे, आणि दुसऱ्या सकाळी दाणे दोन ठिकाणी टाकावेत.