कोणता चॅटबॉट आपल्या कामाचा? घरच्या प्रश्नांनी पारखून घ्या

मोर्शी तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी अभ्यासिकेत मी मुलांबरोबर बसतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलं असतात. निम्मी सकाळी एसटीने कॉलेजला जाऊन आलेली, निम्मी दिवसभर वावरात राबून आलेली. चॅटबॉटबद्दल, म्हणजे प्रश्न विचारला की लिहून उत्तर देणाऱ्या ॲपबद्दल, एक प्रश्न हमखास येतो : "सर, कोणतं ॲप चांगलं हाय जी?" मित्राने चॅटजीपीटी सांगितलेलं असतं, भावाने जेमिनी, आणि रीलमध्ये कोणीतरी तिसरंच.

मी नाव सांगत नाही, पारखायची रीत सांगतो. शहरातल्या कोणी काढलेला पहिला-दुसरा नंबर तुमच्या विषयाला, तुमच्या मराठीला आणि तुमच्या गावच्या नेटवर्कला लागू पडेलच असं नाही. पारखायला लागणारं सामान मात्र तुमच्या घरातच आहे. एक संध्याकाळ आणि वहीचं एक पान, एवढ्यात काम होतं.

पायरी १ : तीनच निवडा

सात ॲप उतरवली तर फोन भरतो आणि डोकंही. तीन पुरे. ओपनएआयचं चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, ते बहुतेकांना ठाऊक आहे. गुगलचं जेमिनी आधी 'बार्ड' नावाने होतं. जून २०२४ मध्ये त्याचं मोबाइल ॲप भारतात आलं, तेव्हा नऊ भारतीय भाषांत मराठीही होती. अँथ्रोपिकचं क्लॉड वापरायला वय १८ पूर्ण लागतं, त्यामुळे बारावी होऊन नुकतंच प्रथम वर्षाला आलेल्यांनी आधी आपलं वय बघावं. परप्लेक्सिटी प्रत्येक उत्तराखाली दुवे देतं, त्याची घडणच तशी आहे. मायक्रोसॉफ्टचं कोपायलट आहे, चीनमधलं डीपसीक आहे. फोनमध्ये जागाच उरली नसेल, तर व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय आहे, वेगळं ॲप लागत नाही.

यातली कुठलीही तीन घ्या. पैसे भरायचे नाहीत, मोफत आवृत्तीच तपासायची, कारण वर्षभर तुम्ही तीच वापरणार आहात.

पायरी २ : फोन उघडण्याआधी प्रश्न लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक चॅटबॉट उघडतात, "भारतीय अर्थव्यवस्थेवर निबंध लिही" म्हणतात, गुळगुळीत दोन पानं येतात आणि खूश होतात. ती दोन पानं बरोबर आहेत की नाहीत, हे त्यांना कळायला मार्गच नसतो. चॅटबॉट मुळात पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत वाक्य रचतो. म्हणून चुकीचं उत्तरही तो बरोबर उत्तराइतक्याच ठाम सुरात देतो. भाषेच्या सफाईवरून काही ओळखू येत नाही. उत्तर तुम्हाला आधीपासून पक्कं माहीत असलेला प्रश्नच त्याची परीक्षा घेऊ शकतो.

पहिला प्रश्न घरच्या कामाचा. आमच्याकडे संत्रा आहे, म्हणून आम्ही विचारतो : "संत्र्याच्या आंबिया बहारासाठी बागेला ताण केव्हा देतात आणि कशासाठी?" बाग असलेल्या घरातलं पोरगंही सांगेल की डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतात, झाड विश्रांतीला जातं, मग पाणी सुरू केलं की जानेवारी-फेब्रुवारीत फूट आणि फुलं येतात. 'आंबिया' वाचून उत्तर आंब्याच्या मोहराकडे वळलं, किंवा ताण म्हणजे झाडावरचा रोग ठरला, तर तशी नोंद करा.

दुसरा प्रश्न फसवा. आम्ही विचारतो, "वर्धा नदी गोदावरीला कोणत्या गावाजवळ मिळते?" प्रश्नातच चूक दडली आहे. वर्धा मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, आमच्या सिंभोऱ्याच्या धरणातून पुढे जाते आणि गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते. तिथून त्या प्रवाहाचं नाव प्राणहिता, आणि गोदावरीला मिळते ती प्राणहिता, सिरोंचाजवळ. चांगला चॅटबॉट म्हणेल की वर्धा थेट गोदावरीला मिळत नाही. कच्चा चॅटबॉट तुमची चूक गोड मानून एखादं गाव ठोकून देईल. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमच्या डोक्यात चुकीची समजूत असेल, तेव्हा कोण सावरेल आणि कोण नुसती मान डोलावेल, हे इथे दिसतं. एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर हा विचारा.

तिसरा, ताज्या माहितीचा : मराठीला अभिजात भाषेचा दर्जा कधी मिळाला, आणि त्याच दिवशी आणखी कोणत्या भाषांना? उत्तर : ३ ऑक्टोबर २०२४, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली. "अजून मिळालेला नाही" असं उत्तर आलं, तर त्याची माहिती जुनी आहे आणि त्याने इंटरनेटवर शोधलेलं नाही.

चौथा शास्त्राच्या मुलांसाठी, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो : "अणू आणि रेणू यांतला फरक सांग." मराठीत अणूंपासून रेणू बनतो. हिंदीत ज्याला 'अणु' म्हणतात तो आपला रेणू, आणि आपल्या अणूला हिंदीत 'परमाणु' म्हणतात. चॅटबॉट मराठी लिहिता लिहिता हिंदी संज्ञा वापरू लागला, तर अख्खं उत्तर उलटं होतं आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. मूलद्रव्याऐवजी 'तत्त्व', संयुगाऐवजी 'यौगिक', अपूर्णांकाऐवजी 'भिन्न' येतं का, तेही बघा. आपल्याकडे हिंदी कानावर असतेच, म्हणून हे शब्द खटकत नाहीत. पेपर तपासणाऱ्याला खटकतात.

पाचवा वऱ्हाडीत : "आमच्या वावरात पऱ्हाटीले पाते लागले, पण गयून राह्यले. काऊन?" वावर म्हणजे शेत, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, पाते म्हणजे फुलाआधीची कळी, हे कळलं तरच उत्तर पातेगळीवर येईल. तुम्ही परीक्षा वऱ्हाडीत लिहिणार नाही, मान्य. पण मनातली शंका ज्या भाषेत उठते त्याच भाषेत विचारता आली, तर माणूस जास्त विचारतो. प्रमाण मराठी जमत नाही म्हणून गप्प बसणारी मुलं मी रोज पाहतो. त्यांच्यासाठी या प्रश्नाला पूर्ण गुण ठेवा.

सहावा तुमच्या अभ्यासक्रमाचा. विद्यापीठाची जुनी प्रश्नपत्रिका घ्या, सरांनी वर्गात सोडवून दिलेलं एखादं गणित किंवा लेखाकर्माचं उदाहरण निवडा आणि त्याचा फोटो द्या. हाताने लिहिलेलाही द्या. नुसतं शेवटचं उत्तर जुळवू नका, मधली प्रत्येक ओळ वहीशी ताडून बघा.

पायरी ३ : सगळ्यांना सारखंच विचारा

तिन्ही ठिकाणी नवीन चॅट उघडून तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच संध्याकाळी. शब्द बदलले की तुलना संपली. दुसऱ्या दिवशी फसवा प्रश्न पुन्हा एकदा विचारा, कारण तोच चॅटबॉट त्याच प्रश्नाला वेगळं उत्तर देऊ शकतो. दोन्ही दिवस बरोबर असेल तरच बरोबर धरा.

पायरी ४ : गुण द्या

बरोबर उत्तराला २. "मला नक्की माहीत नाही, अमुक ठिकाणी तपासा" असं म्हटलं तर १. ठामपणे चुकीचं सांगितलं तर १ वजा. वजा गुण सोडू नका. न सांगणाऱ्यामुळे तुम्ही पुस्तक उघडता. चुकीचं सांगणाऱ्यामुळे तुम्ही चुकीचं लिहून येता.

पायरी ५ : संदर्भ मागा आणि शोधा

तुमच्या प्रकल्पाच्या विषयावर पाच पुस्तकं किंवा प्रबंध मागा. मग ती खरंच आहेत का, ते कॉलेजच्या ग्रंथालयात आणि शोधगंगावर बघा. शोधगंगा हा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा विद्यापीठीय प्रबंधांचा साठा आहे, मोफत उघडतो. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने अशी यादी जशीच्या तशी प्रकल्पाला जोडली होती. सरांनी त्यातलं एक पुस्तक आणायला सांगितलं, आणि ते कुठेच नव्हतं. लेखकाचं नाव खरं, विषय खरा, पुस्तक मात्र कधी लिहिलंच गेलं नव्हतं. रडवेली होऊन आली होती. तेव्हापासून ही पायरी आमच्याकडे सक्तीची आहे.

दुवे देणारा चॅटबॉट असेल तर दोन दुवे उघडून बघा. पान उघडतं का, आणि उत्तरात आहे ते त्या पानावर खरंच आहे का? दुवा दिसला म्हणजे तपासून झालं, असं नाही.

फील्ड प्रोजेक्ट करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. गावातल्या ५० घरांच्या सर्वेक्षणाचे आकडे कुठल्याही चॅटबॉटकडून तयार करून घेऊ नका. मागितले तर तो देईल, छान तक्त्यात देईल. त्या घरांत तुमच्या ओळखीची माणसं राहतात, त्यांच्याबद्दल खोटं कागदावर जातं. प्रश्नावली बनवायला त्याची मदत घ्या, ती चांगली बनवतो.

पायरी ६ : शिकवतो की नुसतं लिहून देतो?

एक गणित देऊन सांगा, "उत्तर देऊ नकोस, एकेक इशारा दे आणि माझं चुकलं तर कुठे चुकलं ते सांग." चॅटजीपीटीत यासाठी 'स्टडी मोड' आहे, जेमिनीत 'गाइडेड लर्निंग', दोन्ही २०२५ मध्ये आले. कोण तुमच्यासाठी थांबतो आणि कोण तिसऱ्याच ओळीत उत्तर सांगून मोकळा होतो, ते टिपा. गावात शिकवणी नाही, सर संध्याकाळी अमरावतीला परत गेलेले. अशा मुलांसाठी सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो.

पायरी ७ : पीडीएफ, नेटवर्क, फोन

मराठी नोट्सच्या पुष्कळ पीडीएफ जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असतात. आपल्याला मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि चॅटबॉट तीच वाचतो. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. खिचडी आली तर पीडीएफ न देता पानाचा फोटो द्या. अभ्यासक्रमाची पीडीएफ स्वच्छ असेल, तर गुगलच्या नोटबुकएलएममध्ये घालून त्यावरच प्रश्न विचारता येतात. ते तुम्ही दिलेल्या कागदांना धरून उत्तर देतं आणि कोणत्या भागावरून दिलं तेही दाखवतं.

चॅटबॉट वाक्याचे छोटे तुकडे करून वाचतो, आणि एकाच अर्थाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा मराठी वाक्याचे सहसा जास्त तुकडे पडतात. त्यामुळे लांब मराठी मजकुराला मोफत वापराची मर्यादा लवकर संपू शकते. कोणाची किती प्रश्नांनंतर संपली, तेही वहीत लिहा. गच्चीवर जाऊनच नेटवर्क मिळत असेल, तर बोलून विचारण्यापेक्षा टाइप करा, डेटा कितीतरी कमी जातो.

पायरी ८ : पैसे आणि कागदपत्रं

२०२५ मध्ये योजनांचा पाऊस पडला. जुलैत एअरटेलच्या ग्राहकांना परप्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत मिळालं. ऑगस्टमध्ये चॅटजीपीटीची महिना ३९९ रुपयांची 'गो' योजना आली आणि नोव्हेंबरपासून तीही वर्षभर मोफत देऊ केली गेली. मोफत योजना घेताना यूपीआय ऑटोपेला (खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याला) मंजुरी मागितली, तर मुदत कधी संपते ते वहीत लिहा आणि त्याआधी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ती मंजुरी रद्द करा. फोन बाबांचा, खातं बाबांचं असेल तर त्यांना आधी सांगा.

आधार, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बँक पासबुक यांचे फोटो कोणत्याही चॅटबॉटला देऊ नका. शिष्यवृत्तीचा अर्ज समजून घ्यायचा असेल तर कोरा अर्ज द्या. बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये तुमचं बोलणं चॅटबॉटच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी असते, ती दिसली तर बंद करा. घरात एकच फोन चौघं वापरत असाल, तर काम झालं की लॉगआउट करा.

पायरी ९ : बेरीज करा, आणि पान जपून ठेवा

बेरीज झाली की बहुतेकांना दोन ठेवावेसे वाटतात : समजून घ्यायला एक, संदर्भ शोधायला एक. तसंच करा, तिसरा काढून टाका. या ॲपमध्ये दर काही महिन्यांनी बदल होतात, म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला हेच पान उघडून पुन्हा गुण द्या आणि ताज्या माहितीचा प्रश्न बदला.

संत्रा आणि वर्धा आमच्याकडचे. भंडारा-गोंदियाकडच्यांनी धानाचे पऱ्हे आणि रोवणी विचारावी, आणि 'मामा तलाव म्हणजे काय' हे तर नक्कीच. माजी मालगुजारी तलाव असं उत्तर यायला हवं, मामाचा तलाव नव्हे. बुलढाण्याकडच्यांनी लोणारचं विवर कोणत्या खडकात आहे ते विचारावं. बेसॉल्ट यायला हवा. कापसाच्या पट्ट्यातल्यांनी 'उलंगवाडी' शब्दाचा अर्थ विचारावा. कापसाची वेचणी संपणं, असं उत्तर यायला हवं. तिन्ही चॅटबॉटची उत्तरं आजोबांना वाचून दाखवा आणि गुण त्यांना द्यायला सांगा.