मिरगाच्या आधी बॅटऱ्यांचं बघून ठेवा

पेरणीच्या गडबडीत बॅटरीकडं कोण बघत नाही, अन् ऐन टायमाला पंप बंद पडतो. म्हणून मे संपायच्या आत ग्रास कटर, छाटणीची करवत, फवारणीचा पंप, सगळ्यांच्या बॅटऱ्या अन् चार्जर एकदा ओसरीत मांडा आणि लेबल वाचा. बॅटरीचे एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तिची साठवायची ताकद) भागिले चार्जरच्या आउटपुटचे अँपिअर, आले तेवढे तास. 4 एएचची बॅटरी 2 अँपिअरच्या चार्जरवर दोन तास, पण शेवटी शेवटी करंट कमी होत जातो म्हणून अडीच धरा. पंपातली 12 व्होल्ट 8 एएचची लेड अ‍ॅसिड असंल आणि चार्जर 1.7 अँपिअरचा, तर हिशोबानं पावणेपाच तास येतात, तिथं सहा धरा. स्वस्तातल्या कटरच्या बॅटरीवर 48 नायतर 88 छापलेलं दिसतंय त्याला व्होल्ट समजून भुलू नका, चार्जर बघा, 21 व्होल्ट लिहिलं असंल तर आत पाचच सेल एकापुढं एक जोडलेले, म्हणजे बॅटरी 18 व्होल्टचीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिन सारखी दिसली म्हणून कोणताबी चार्जर कशालाबी लावायचा नाही. तीन सेलची 12 व्होल्टची लिथियम 12.6 ला फुल होते आणि लेड अ‍ॅसिडचा चार्जर 14 च्या वर जातो, म्हणजे आग लागायचंच काम. चार्जर आणि त्याची बॅटरी, दोन्हीवर एकाच रंगाची टेप मारून टाका, घरातली पोरं अन् सालगडी दोघांनाबी कळतंय.

मग लाईटचं. शेतात थ्री फेज कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळं आखाड्यावर चार्जिंगच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी घरीच लावा, झोपायच्या आधी काढता येईल असं. चार्जरवर इनपुट 100-240 लिहिलेलं असलं तर संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी चालतंय. कापसाच्या ढिगाजवळ, कडब्याजवळ, अंथरुणावर चार्जिंग नको म्हणजे नको.

उन्हाचं वेगळंच. परभणीकडं मेमध्ये पारा 42 च्या पुढं जातो, पत्र्याच्या शेडात तर विचारूच नका, आणि लिथियम 45 च्या वर गेली की चांगला चार्जर चार्जिंग थांबवतो, लोकं म्हणतात चार्जर बिघडला. कटरमधून काढलेली गरम बॅटरी अर्धा तास सावलीत राहू द्या, मग लावा. पाण्यात बुचकळून थंड करणारे पण बघितलेत, त्यांना नमस्कार.

आणि एक डोक्यातून काढा, की एक बॅटरी कापती तवर दुसरी भरंल. 18 व्होल्ट 4 एएच म्हणजे 72 वॅट-अवर, 300 वॅटच्या मोटरला ती पंधरा मिनिटंबी पुरत नाही, भरायला मात्र अडीच तास. त्यामुळं गोठ्याभोवती, विहिरीच्या कडंला, परसात बॅटरीवाला कटर झकास, पण लांबलचक धुरा (बांध) असंल तर सरळ पेट्रोलवाला भाड्यानं आणा.

फवारण्या उरकल्या की लेड अ‍ॅसिड फुल करून ठेवायची अन् महिन्याला एकदा परत लावायची, लिथियम मात्र अर्धी भरून, घरातल्या थंड कोपऱ्यात, मशीनमधून काढून.