दान आलेलं ऑइल पेंटिंग भिंतीवर लावायच्या आधी

चित्रकार वारल्यावर घरचे एखादं ऑइल पेंटिंग संस्थेला देऊन टाकतात आणि आपण लगेच हातोडी-खिळे शोधायला लागतो. थांबा जरा. आधी चित्राची पाठ बघा. पण त्यासाठी ते टेबलावर पालथं घालू नका हां, जाड रंगाचे उंचवटे दबतात. दोघांनी फ्रेमला दोन्ही बाजूंनी धरून भिंतीला टेकवायचं, तोंड भिंतीकडं, टेकू फक्त फ्रेमचा.

खरी माहिती मागेच असते. प्रदर्शनाचं लेबल, फ्रेमवाल्याचा स्टिकर, जुना पत्ता, कधीकधी तर अर्धवट सोडलेलं दुसरंच चित्र! मी एका चित्रामागं पेन्सिलनं लिहून खोडलेलं नाव बघितलं, खाली नवं नाव आणि पुढं ‘विकायचं नाही’. इतकी वर्षं हॉलमध्ये टांगलेलं, घरच्यांना पत्ताच नव्हता.

आता फोटो. समोरून, मागून, सही, चारही कोपरे, आणि खोलीत अंधार करून एका बाजूनं आडवा टॉर्च मारून एक, त्यात भेगा, पोपडे, जुनी ठिगळं सगळं उघडं पडतं. सालाबद्दल घरच्यांच्या आठवणीवर फार विसंबू नका. ‘१९१०चं आहे’ म्हणाले आणि लॅबच्या तपासणीत थॅलो ब्लू हा कृत्रिम निळा रंग सापडला, तर तो रंगच बाजारात आला १९३५च्या सुमारास, म्हणजे एकतर साल चुकलं किंवा नंतर कुणीतरी त्यावर रंगाचा हात फिरवलाय.

ओलं फडकं, बटाटा, ब्रेड, कांदा यातलं काहीही चित्राला लावू नका, प्लीज. ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि ते काम आत वर्षानुवर्षं चालू राहतं, थर कडक होत जातो, तडे जातात, मग त्या तड्यांतून पाणी शिरलं की कॅनव्हासवर रंगाखाली लावलेलं सरस फुगतं आणि रंग सुटतो. पोपडे नसतील तर मऊ कोरड्या ब्रशनं अलगद धूळ झाडा, बास. पिवळटपणा बहुतेकदा जुन्या व्हार्निशचा असतो, ते काढणं रिस्टोररचं, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं काम.

चित्रकाराबद्दल लिहायचं तर घरच्यांना ‘कसे होते हो ते?’ असं विचारू नका, ‘फार साधे होते’ एवढंच उत्तर येतं. कुठल्या खिडकीपाशी बसायचे, पोटापाण्यासाठी काय करायचे, या चित्रात बसलेलं माणूस कोण, ते विचारा. मग बोलायला लागतात. जन्म-मृत्यूच्या तारखा कागद बघूनच घ्या आणि नुसतं ऐकलेलं असेल तिथं ‘कुटुंबीय सांगतात’ असं स्पष्ट लिहा. थोर, अवलिया वगैरे शब्द गाळले तरी काही बिघडत नाही, चित्राशेजारच्या पाटीवर साठेक शब्द पुरतात.

दानपत्रावर दोन्हीकडच्या सह्या हव्यातच. आणि कॅनव्हास मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला असं नसतं, तो वेगळा लिहून घ्यावा लागतो. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं राहतो, बऱ्याच देशांत ६० किंवा ७०, त्यामुळं कॅलेंडर छापायचं असेल तर वारसांची लेखी परवानगी आत्ताच घेऊन ठेवा.

लावताना थेट ऊन, हीटर, ओल धरणारी भिंत टाळा. नोंद क्रमांक मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलनं लिहा, कॅनव्हासवर नाही, दाब पडला तर पुढचा रंग तडकतो. जुनी लेबलं मळकी दिसली तरी काढू नका.