समुद्री शेवाळ आहारात आणताना

समुद्री शेवाळ कर्करोगापासून वाचवते या आशेने ते मागवणाऱ्यांनी आधी हे जाणून घ्यावे, की याविषयीचा बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतील पेशींवरचा आणि प्राण्यांवरचा आहे. तपकिरी शेवाळातील फ्युकॉइडन आणि फ्युकोझॅन्थिन या घटकांमुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावल्याचे अशा प्रयोगांत दिसले आहे. मात्र तेथे वापरलेला शुद्ध अर्क आणि आमटीवर भुरभुरलेला चुरा यांच्या मात्रेत फार अंतर असते. माणसांवरील निष्कर्षही एकमुखी नाहीत. दक्षिण कोरियातील २०१० च्या एका अभ्यासात 'गिम', म्हणजे नोरी या कागदासारख्या पातळ, वाळवलेल्या शेवाळाच्याच प्रकारचे शेवाळ, अधिक खाणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग कमी आढळला, पण 'मियोक' या तपकिरी शेवाळाबाबत तसा संबंध दिसला नाही. उलट जपानमधील २०१२ च्या अभ्यासात, जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये थायरॉइडच्या एका कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला.

म्हणून सुरुवात नोरीपासून करावी आणि तीही थोडक्यात. शेवाळात आयोडीन असते आणि ते फार झाले तर थायरॉइडचे काम बिघडू शकते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, आणि आपल्याकडचे आयोडीनयुक्त मीठ त्यातील बराच वाटा उचलते. नोरीचा एक पापुद्रा जेमतेम तीन ग्रॅमचा असतो. आठवड्यातून दोनतीनदा एकेक पापुद्रा निरोगी माणसाला जड जात नाही. कोंबू या जाड तपकिरी शेवाळाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याच्या एकाच ग्रॅममध्ये हजार-दोन हजार मायक्रोग्रॅमपर्यंत आयोडीन असू शकते, आणि ते उकळल्यावर आयोडीन पाण्यात उतरत असल्यामुळे त्याचा रस्साही निर्धोक ठरत नाही. हिजिकी हे काळपट शेवाळ तर घेऊच नये. त्यात विषारी असेंद्रिय आर्सेनिकचे प्रमाण जास्त असते.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत राहणाऱ्यांना नोरी ऑनलाइन मागवणे सोयीचे पडते. पाकिटावर शेवाळाची जात, उत्पादनाचा देश आणि मिठाचे प्रमाण पाहून साधी, मसाला न लावलेली नोरी निवडावी. मंद आचेवर कोरड्या तव्यावर पापुद्रा काही सेकंद फिरवला की तो कुरकुरीत होतो. मग तो हाताने चुरून भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि सुक्या मिरचीबरोबर जाडसर कुटावा. शेवाळ मुळातच खारट असल्यामुळे या चटणीत मीठ शेवटी आणि चव घेऊनच घालावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चांगली लागते आणि मासे न खाणाऱ्यांच्या जेवणात समुद्राची चव आणते. माझ्या मते नोरीचा खरा उपयोग एवढाच. आतड्याच्या कर्करोगापासून संरक्षणाशी ज्या तंतुमय पदार्थांचा संबंध अधिक ठामपणे जोडला जातो, ते या घासात भाकरीतूनच जास्त मिळतात.

किराणा दुकानात मिळणारे चायना ग्रासही समुद्री शेवाळापासूनच बनते. त्याच्या कांड्या पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळाव्यात आणि गरम दुधात मिसळाव्यात. मिश्रण फ्रिजशिवायही घट्ट होते. मात्र ते लाल शेवाळापासून काढलेले असल्याने त्यात फ्युकॉइडन नसते.

थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, गर्भवती व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेवाळ सुरू करू नये. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनीही विचारावे, कारण शेवाळातील 'के' जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करू शकते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात तर हेही सांगितले पाहिजे, की तोंडात तंबाखूची गोळी ठेवून वर शेवाळ खाल्ल्याने काहीच भरून निघत नाही. कर्करोगावर उपचार चालू असतील तर फ्युकॉइडनच्या कॅप्सूल परस्पर घेऊ नयेत. पाकीट नेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.