पाचगणीच्या व्हायोलिन शिबिरात शिकवायला निघण्याआधी

मे महिन्यात पाचगणीला तारवाद्यांच्या शिबिरात शिकवायला जाणार असाल, तर सगळ्यात आधी तारा घ्या. स्वतःच्या नाही, मुलांच्या. पाव, अर्ध्या आणि पाऊण मापाच्या. गेल्या वर्षी माझ्याकडे फक्त पूर्ण मापाचे सेट होते. अर्ध्या व्हायोलिनवर वाजवणाऱ्या एका मुलीची ई तार (चारांतली सगळ्यात पातळ) सुरुवातीलाच तुटली आणि ती बिचारी उरलेलं शिबिर इतरांचं वाजवणं ऐकत बसली. म्हणून ही यादी. कपडे, औषधं, चार्जर तुमचं तुम्ही बघा.

निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी आयोजकांकडून मुलांची यादी मागवा. त्यात नाव असतं, वय असतं, किती वर्षं शिकतोय तेही असतं. वाद्याचं माप नसतं. ते मागा. ‘छोटं व्हायोलिन आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. पालकांना सांगा की वाद्याची मान सोडून फक्त त्याच्या पाठीचं अंग टेपने मोजा. साधारण 14 इंच भरलं तर पूर्ण, 13 भरलं तर पाऊण, 12 ते 12.5 असेल तर अर्धं, 11 च्या आसपास असेल तर पाव. सोबत टेलपीसचा, म्हणजे तारा खालून जिथे अडकवतात त्या पट्टीचा, जवळून फोटो पाठवायला सांगा. ई तारेच्या टोकाला कधी मणी असतो, कधी नुसती कडी. फाइन ट्यूनरला (टेलपीसवरच्या सूर जुळवायच्या बारीक स्क्रूला) एकच हूक असेल तर कडीची तार लागते, दोन दात्यांमध्ये खाच असेल तर मण्याची. फोटो आला नाही तर मण्याचीच तार घ्या आणि बारीक पक्कड जवळ ठेवा, कारण मणी दाबून काढला की कडी उरते. उलटं करता येत नाही.

पूर्ण मापाची तार लहान व्हायोलिनला लावून वेळ मारून नेता येईल असं कुणी सांगेल. नेऊ नका. ती तार खुंटीपाशी उरते, ज्या भागावर रेशीम गुंडाळलेलं असतं तो खुंटीपर्यंत पोचतच नाही, उघडा धातू खुंटीला गुंडाळला जातो आणि तिथेच पिळून तुटतो. तोवरही ताण कमी पडल्यामुळे आवाज ढिला येतो, आणि मुलाला वाटतं आपलाच हात वाईट. फार तर पाऊण मापाची तार अर्ध्यावर एखाद दिवस निभावते. प्रत्येक मापाच्या चार ई, दोन ए, एक डी, एक जी एवढ्या तरी घ्या. ई तुटते, ए ची वरची गुंडाळी बोटांच्या घामाने सुटते, खालच्या दोन सहसा टिकतात. पाव मापाच्या तारा कुठेही सहज मिळत नाहीत. मुंबईत धोबीतलावला जाणं होत असेल तेव्हाच घेऊन ठेवा किंवा वेळेत मागवा. पाचगणीत मिळतील या भरवशावर राहू नका. पुणं शंभर किलोमीटर दूर आहे, मध्ये पसरणीचा घाट आहे, आणि तेवढ्यासाठी गाडी कुणी पाठवत नाही. प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरात माप लिहा. पाकिटाबाहेर काढल्यावर पाव आणि अर्धं वेगळं ओळखू येत नाही.

हत्यारांची थैली वेगळी करा. पक्कड, खुंट्या घसरतात त्यासाठी खडू, तारांच्या खाचांत घासायला मऊ शिशाची पेन्सिल, चिनरेस्टची (हनुवटी टेकवायच्या पट्टीची) किल्ली, बोला लावायच्या राळेचे, म्हणजे रोझिनचे, दोन-तीन खडे, सुती फडकी, बोटांच्या जागांसाठी पातळ टेप, शोल्डर रेस्ट विसरलेल्यांसाठी स्पंज आणि रबर बँड. एक जास्तीचा अर्ध्या मापाचा बो (गज) मिळाला तर फार बरं. तारा बदलताना एकेक बदला. चारही एकदम उतरवल्या तर आतला साउंडपोस्ट (वाद्याच्या पोटातली उभी लाकडी काडी) पडू शकतो, आणि तो उभा करणारा माणूसही पाचगणीत नाही. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, दर वेळी तपासा. ट्यून करताना ती फिंगरबोर्डकडे झुकत जाते आणि एके दिवशी आडवी होते.

गाडीत वाद्य ठेवून वाईला जेवायला उतरू नका. हे मी ओरडून सांगते आहे. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं, सरस उष्णतेने मऊ होतो, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत सांधे उकलतात. वाद्य जेवणाच्या टेबलाशी न्या. हेच पालकांनाही आधी कळवा. वर पोचल्यावर एखादा वळीव झाला की हवा एकदम ओली होते, खुंट्या फुगून अडकतात. तेव्हा जोर लावू नका.

वसतिगृहाच्या खुर्च्या बघून घ्या. हात असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चेलो वाजवता येत नाही, कोपर अडतं. बिनहाताच्या खुर्च्या हव्यात हे लेखी मागा आणि उंची मुलांच्या पायांना पुरते का तेही विचारा. फरशीवर चेलोची खालची सळई घसरते. खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा प्रत्येक चेलोला एक हवा. स्टँडसाठी कपड्यांचे चिमटे न्या, टेबललँडकडचा, म्हणजे पाचगणीच्या पठारावरचा, वारा कागद ठेवत नाही.

नोटेशनच्या प्रती घरून काढून न्या, आणि प्रत्येक प्रतीवर बो वर की खाली ते आधीच लिहून ठेवा. तिथे लिहायला बसलात तर सकाळ गेली. व्हिओला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवणारं मूल बहुतेक वेळा नसतंच, तेव्हा तो भाग तिसऱ्या व्हायोलिनसाठी लिहून न्या. नवशिक्यांसाठी मोकळ्या तारांचा एक भाग तयार ठेवा. पाखेलबेलचा कॅनन निवडायचा असेल तर चेलोवाल्या मुलांचा विचार करा: त्यांना तेच आठ स्वर 28 वेळा वाजवायचे असतात. मला ते दहा वर्षांच्या मुलावर लादावंसं वाटत नाही.

काही मुलं आपल्या पद्धतीने, मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलाशी टेकवून शिकलेली येतील. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, द. के. दातार या व्हायोलिनवादकांनी ज्या महाराष्ट्रात हे वाद्य इतकं गातं केलं, तिथे त्या मुलांना कोपऱ्यात बसवू नका. सतरंजी मागवा, त्यांचा सा कुठे आहे ते विचारा, वेगळा तास ठेवा. त्यांच्या वाद्यांचा सूर वाद्यवृंदासाठी रोज चढवू-उतरवू नका, तारा टिकत नाहीत. आणि हो, त्यांच्याही मापाच्या तारा घेतल्या ना? ही मुलं यादीत अनेकदा निराळ्या कागदावर असतात, त्यामुळे मापाचा प्रश्न त्यांना विचारायचा राहतो.

शिकवण्याबद्दल थोडंच. ट्यूनिंगसाठी वर्गाआधी निदान अर्धा तास एका शिक्षकाला मोकळं ठेवा, वीस वाद्यं म्हणजे चाळीस मिनिटंसुद्धा लागतात. खुंट्या मुलांच्या हातात देऊ नका. तार चढवताना मुलाचं तोंड वाद्यापासून दूर. लहानांचा सलग तास 45 मिनिटांपुढे नेऊ नका. नखं पहिल्याच दिवशी कापून घ्या. मान किंवा मनगट दुखतंय म्हटलं की थांबवा, ‘अजून एकदा’ म्हणू नका. वीज जाते, तर ट्यूनरच्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवा.

शेवटचा कार्यक्रम: जागा आदल्या दिवशी बघा, खुर्च्या मांडून एकदा पूर्ण वाजवून घ्या, कुठला मुलगा कुठून चढणार ते ठरवा. भाषणं आधी नको, मुलांची बोटं गार पडतात. तारांची थैली स्टेजच्या बाजूला, खोलीत नाही.

निघताना सगळे बो ढिले झाले का बघा, स्टँड आणि पट्टे मोजा, नोटेशन गोळा करा, खुर्च्यांचा हिशोब वसतिगृहाला द्या, आणि ज्या पालकांनी तारांचे पैसे दिलेले नाहीत त्यांच्याकडून तिथेच घ्या.