टेकऑफनंतरचा स्टॉल: हात आवरा

सर्किट, फ्लॅप, चेकलिस्ट तुम्हा शिकाऊ वैमानिकांना येतंच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो: टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर स्टॉल, म्हणजे पंखाची उचल कोसळणं, कसा टाळायचा. सेसना 172 एस टेकऑफनंतर साधारण 74 नॉट (तासाला सागरी मैल) वेगाने चढतं, नाक वर. ग्लाइडला, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरायला, 68 लागतात. इंजिन गेलं की मधले सहा नॉट बघता बघता संपतात. नाक लगेच खाली घ्यायचं, तेही चांगलं ठसठशीत. समोर जमीन दिसत असताना हे जिवावर येतं. माझा हात आजही आधी मागेच जायला बघतो, दर वेळी दामटून पुढे न्यावा लागतो.

आता रनवेकडे परत वळणं. इथे जरा लांबण लावतो, कारण मी इथेच सगळ्यात जास्त अडकलो होतो. तक्ता पाठ असतो: 30 अंश बँकला, म्हणजे विमान बाजूला तेवढं कललं की, स्टॉल स्पीड (ज्या वेगाला स्टॉल होतो तो) सुमारे 7 टक्के वाढतो, 45 ला 19, 60 ला 41. पण हा तक्ता उंची राखून वळणाऱ्या विमानाचा. उंची राखायची तर योक (हातातलं सुकाणू) ओढावा लागतो, ओढला की अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन, वाढतो आणि पंख स्टॉल होतो तो त्या कोनाने. रनवेकडे परत वळताना जमीन जवळ दिसते, बँक वाढवायची भीती वाटते. मग पाय नकळत आतलं रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पेडल) दाबतो, घसरण दाखवणाऱ्या उपकरणातला बॉल बाहेर पळतो, नाक पडतं, म्हणून हात आणखी ओढतो. नाक क्षितिजाखालीच असल्याने स्टॉलची शंकाही येत नाही. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला गपकन लोळतं. तीन हजार फुटांवर सरांबरोबर केलेला, नाक आभाळात असलेला स्टॉल असा दिसतच नाही!

यूट्यूबवरचे ‘पाचशे फुटांवरून परत आलो’वाले व्हिडिओ बघू नका. त्या बहाद्दराला इंजिन कधी बंद होणार हे माहीत असतं. तुमचे पहिले दोन-तीन सेकंद ‘हे काय झालं’ यातच जाणार. शिवाय 180 अंशांत रनवे मिळत नाही, जास्त फिरून पुन्हा सरळ व्हावं लागतं. समोर थोडं डावी-उजवीकडे शेत दिसेल ते घ्या.

घाबरू मात्र नका. इशाऱ्याचा हॉर्न स्टॉलच्या 5 ते 10 नॉट आधी वाजतो आणि ओढणं सोडलं की हे विमान मुकाट उडायला लागतं. दर टेकऑफआधी इंजिन फेल्युअरचं ब्रीफिंग मोठ्याने म्हणायला लावणारे सर कटकटे वाटतात. माझ्या मते त्यांच्याच मागे लागावं. पुढच्या सॉर्टीला (सराव उड्डाणाला) त्यांना सांगा, सुरक्षित उंचीवर चढताना अचानक थ्रॉटल बंद करा. 68 स्थिर होईपर्यंत किती फूट गेले ते लिहून ठेवा.