दूध संस्थेत फॅटचं मशीन बसवताय?

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी २१ वर्षं सचिव आहे. पूर्वी फॅट (दुधातला स्निग्धांश) मोजायची म्हणजे गर्बर पद्धत: ब्युटायरोमीटरमध्ये, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीत, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवायचं. आता मशीन मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दोन्ही सांगतं.

पण मशीन आणलं आणि लगेच चालू केलं, असं करू नका. पहिले पंधरा दिवस रोज दहा-बारा नमुने जुन्या पद्धतीनं आणि मशीनवर, असे दोन्हीकडे तपासा, तेही सभासदांसमोर. आमच्याकडे एका मावशींच्या म्हशीची फॅट एकदम ६.८ वरून ६.१ वर आली. त्या रडवेल्या झाल्या. पुन्हा बघितलं, तर नमुना घेण्याआधी दूध ढवळलंच नव्हतं; साय वर, पातळ दूध खाली. ढवळून घेतल्यावर ६.७ आली. म्हणून आधी ढवळा, मगच नमुना घ्या. फेस असेल तर तो बसू द्या, बुडबुड्यांनी आकडा चुकतो. नासकं दूध मशीनला लावू नका, नळी तुंबते.

संकलन संपलं की कोमट पाणी, मग क्लीनर, पुन्हा पाणी. एक दिवसही चुकवू नका. इन्व्हर्टर हवाच.

मशीन आलं म्हणून टेस्टिंग करणाऱ्या मुलाला कामावरून काढू नका. आमचा पोरगा आता मशीन तपासतो आणि ज्यांची फॅट उतरली त्यांच्या गोठ्यावर जाऊन चारा-पेंड बघतो. मशीनच्या छापील पावतीवरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते, त्यामुळे सभासदांचं पासबुक हातानंही भरा.